मेंदूतली सीमारेषा



माणसाच्या मेंदूत, आतल्या पोकळीत, डोक्याच्या मागच्या अंगाला एक लहानसा उंचवटा असतो. एकोणिसाव्या शतकातले शरीररचनाशास्त्रज्ञ त्याला हिप्पोकॅम्पस मायनर म्हणत. आज त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. पण १८५७ ते १८६३ या काळात इंग्लंडमध्ये या उंचवट्यावरून असा वाद पेटला की तो वर्तमानपत्रांत गेला, त्यावर विडंबनकविता छापल्या गेल्या आणि दोन मोठ्या शास्त्रज्ञांचं जन्माचं वैर झालं. श्रद्धा आणि उत्क्रांती यांचं भांडण नेमकं कुठे चुकलं, हे मला या उंचवट्यापासून सुरुवात करून आज आपल्यापुढे मांडायचं आहे.

रिचर्ड ओवेन हे त्या काळातलं इंग्लंडमधलं फार मोठं नाव. ‘डायनोसॉर’ हा शब्द त्यांचाच, १८४२ सालचा. ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागांचे ते प्रमुख होते. १८५७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे त्यांनी सस्तन प्राण्यांचं एक नवं वर्गीकरण मांडलं. त्याचा आधार होता मेंदू. त्यात माणसाला त्यांनी इतर सर्व सस्तन प्राण्यांपासून तोडून एका स्वतंत्र उपवर्गात एकटं बसवलं. कारणं तीन दिली. माणसाच्या मेंदूचा मागचा खंड अनुमस्तिष्काला झाकून पलीकडे जातो, आतल्या पोकळीला मागच्या बाजूला एक शिंग असतं, आणि त्या शिंगात हा हिप्पोकॅम्पस मायनर असतो. ओवेन यांच्या म्हणण्याप्रमाणे यातलं काहीही वानरांमध्ये नव्हतं. माणसाला बाकीच्या सृष्टीवर जी सत्ता मिळाली आणि ईश्वराप्रति जी जबाबदारी त्याच्यावर आली, तिचं शारीरिक चिन्ह त्यांना इथे सापडलं होतं.

थॉमस हेन्री हक्सली त्या वेळी बत्तीस वर्षांच्या आसपासचे. ओवेन यांचा दावा त्यांना पटला नाही आणि त्यांनी वानरांचे मेंदू स्वतः तपासायला घेतले. जून १८६० मध्ये ऑक्सफर्डला ब्रिटिश असोसिएशनचं अधिवेशन भरलं. या अधिवेशनातली एकच गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ३० जूनला बिशप सॅम्युअल विल्बरफोर्स यांनी हक्सलींच्या वानर पूर्वजांवरून टोमणा मारला आणि हक्सलींनी त्यांना निरुत्तर केलं, ही ती गोष्ट. त्या सभेचा शब्दशः वृत्तान्त कुणी लिहून ठेवलेला नाही. जे आपण सांगतो ते बरंचसं मागाहून आठवून लिहिलेलं आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग दोन दिवस आधीचा, २८ जूनचा आहे. त्या दिवशी ओवेन म्हणाले की गोरिलाचा मेंदू माणसाच्या मेंदूहून जितका वेगळा आहे, तितका तो खालच्या दर्जाच्या माकडाच्या मेंदूहूनही वेगळा नाही. हक्सली उठले आणि त्यांनी हे साफ नाकारलं. पुरावा योग्य जागी छापून देईन, असं सांगून ते खाली बसले.

आणि त्यांनी तो दिला. विल्यम फ्लॉवर यांनी माकडांच्या एकेका प्रजातीचे मेंदू उघडले. ऑक्सफर्डच्या जॉर्ज रोलस्टन यांनी ओरांगउटानचा मेंदू तपासला. सगळ्यात बोलकी साक्ष हॉलंडहून आली. चिंपांझीच्या मेंदूचं जे चित्र ओवेन पुरावा म्हणून दाखवत, ते श्रोडर व्हान डेर कोल्क आणि व्रोलिक या दोन डच शास्त्रज्ञांचं होतं. त्या चित्रातला मेंदू कवटीतून काढल्यावर बसका झाला होता, म्हणून त्याचा मागचा खंड अपुरा दिसत होता. आपलं चित्र कशासाठी वापरलं जातंय हे कळल्यावर त्या दोघांनी ॲमस्टरडॅममध्ये मेलेल्या एका ओरांगउटानचा मेंदू उघडला. त्यात मागचा खंड होता, शिंग होतं आणि तो उंचवटाही होता. तसं त्यांनी जाहीर केलं. त्यांचा डार्विनच्या सिद्धांताला पाठिंबा नव्हता, तरी त्यांनी हे केलं, म्हणून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. १८६३ मध्ये हक्सलींचं ‘मॅन्स प्लेस इन नेचर’ आलं आणि शास्त्रज्ञांपुरता हा वाद मिटला.

ओवेन खोटारडे होते का? मला तसं वाटत नाही. त्यांच्याइतके प्राणी उघडून पाहिलेला माणूस त्या काळी क्वचितच असेल. जे दिसावं अशी तीव्र इच्छा होती, तेच त्यांना दिसलं. माणूस वेगळा आहे, त्याला नीती आहे, तो ईश्वराला जबाबदार आहे, हे सगळं त्यांनी मेंदूतल्या एका खुंटीला टांगलं. खुंटी निखळली तेव्हा तिला टांगलेलंही खाली आलं, असं पाहणाऱ्यांना वाटलं. खरं म्हणजे नीती तिथे टांगण्याची गरजच नव्हती. वानराच्या मेंदूत तो उंचवटा सापडला म्हणून खून करणं बरोबर ठरत नाही, आणि सापडला नसता म्हणून करुणेला नवा आधार मिळाला नसता.

आता दुसरा माणूस घेऊ. हा डार्विनच्याच बाजूचा. आल्फ्रेड रसेल वॉलेस. ॲमेझॉनच्या खोऱ्यात ४ वर्षं, मलय द्वीपसमूहात ८ वर्षं. १८५८ मध्ये तापाने फणफणलेल्या वॉलेसने टर्नाटे बेटावरून डार्विनला जो लेख पाठवला, त्यात नैसर्गिक निवडीचं तत्त्व डार्विनच्या इतकंच स्पष्ट होतं. या वॉलेसने १८६९ मध्ये ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये लिहिलं की नैसर्गिक निवडीने माणसाच्या मेंदूचा उलगडा होत नाही. त्याचा तर्क असा: ज्यांना युरोपातले लोक रानटी म्हणतात, त्यांचा मेंदू सुशिक्षित युरोपियनाच्या मेंदूपेक्षा फारसा लहान नाही. पण त्यांच्या जगण्याला एवढ्या मेंदूची गरज नाही. नैसर्गिक निवड तर गरजेपुरतंच घडवते. मग हा जादा मेंदू आला कुठून? कुठल्या तरी श्रेष्ठ शक्तीने तो पुढच्या काळासाठी घडवून ठेवला असला पाहिजे. डार्विन हे वाचून हादरले. समासात त्यांनी मोठ्या अक्षरांत नकार लिहिला आणि रेघा मारल्या.

वॉलेसच्या तर्काचा पहिला भाग त्या काळाच्या कितीतरी पुढचा होता. सगळ्या माणसांची बुद्धीची कुवत सारखीच आहे हे त्याने जंगलात राहून ओळखलं होतं, आणि ते तो लंडनमध्ये स्वच्छ सांगत होता. चूक दुसऱ्या भागात होती. अरण्यात राहणाऱ्या माणसाला थोडक्या बुद्धीत भागतं, हे त्याने गृहीत धरलं. शेकडो वनस्पतींचे गुण, मोसम, जनावरांचा माग, नात्यांची गुंतागुंत, भांडणं मिटवणं, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेल्या गोष्टी, आणि हे सगळं पेलणारी भाषा: यातलं काय थोडक्या बुद्धीत होतं? आपल्या मेळघाटातल्या किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या जाणत्या आदिवासी म्हाताऱ्याबरोबर रानात एक दिवस हिंडलेल्या कुणालाही याचं उत्तर माहीत आहे. जादा मेंदू नव्हताच. वॉलेसला त्या जगण्याचं वजन कळलं नाही, आणि जिथे समज थांबली तिथे त्याने ईश्वराला आणून बसवलं.

मात्र श्रद्धावंतांनीच मेंदूला अशी खुंटी बनवलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पॉल ब्रोका हे पॅरिसचे मुक्तविचारी. वाचेचं केंद्र मेंदूत कुठे असतं हे दाखवून देणारा मोठा वैज्ञानिक. पण १८५९ मध्ये स्थापन केलेल्या आपल्या मानवशास्त्र मंडळातून त्यांनी मेंदूंची वजनं आणि कवट्यांची मापं घेऊन वंशांची आणि स्त्रीपुरुषांची उतरंड रचली. जॉर्ज रोमेन्स यांनी १८८२ मध्ये ‘ॲनिमल इंटेलिजन्स’ लिहून मुक्या प्राण्यांच्या बुद्धीचा कैवार घेतला. याच रोमेन्स यांनी १८८७ मध्ये बायकांच्या मेंदूचं वजन सरासरी पाच औंसांनी कमी असतं, म्हणून त्यांची बौद्धिक झेपही कमी, असा लेख लिहिला. कुत्र्याला जे दिलं ते बाईला देताना हात आखडला. देह लहान तर मेंदू लहान, ही साधी गोष्ट हिशेबात घेतली गेली नाही. आणि वजनानेच बुद्धी मोजायची तर तुर्गेनेव्हच्या मेंदूचं वजन २००० ग्रॅमच्या वर भरलं आणि अनातोल फ्रान्सच्या मेंदूचं जेमतेम १००० ग्रॅम. दोघेही मोठे लेखक.

इथे आपण आपल्या माणसाची आठवण ठेवली पाहिजे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, जे पुढे नाझी वंशसिद्धांताचे आधारस्तंभ ठरले. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या असमानतेचा, म्हणजे डावी आणि उजवी बाजू सारखी नसण्याचा. फिशर यांची अटकळ अशी की ही असमानता युरोपियनांमध्ये निराळी असते आणि तिचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. विशीतली बाई, परका देश, परकी भाषा, समोर स्वतःचा परीक्षक. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण माझ्या मते त्यांच्या बुद्धीच्या सचोटीची पहिली खूण या बर्लिनच्या प्रबंधात आहे. ओवेन यांना हवं होतं ते दिसलं. इरावतीबाईंनी गुरूला हवं होतं ते नाही असं लिहिलं.

मेंदूच्या या अभिमानाने विज्ञानाला एकदा चाळीस वर्षं फसवलं. १९१२ मध्ये ससेक्समधल्या पिल्टडाउनला मोठ्या कवटीचा आणि वानराच्या जबड्याचा ‘आदिमानव’ सापडल्याचं जाहीर झालं. मोठमोठ्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तो उचलून धरला, कारण आधी मेंदू मोठा झाला असणार आणि बाकीचं शरीर मागाहून माणसाचं झालं असणार, हे त्यांनी मनाशी धरलेलंच होतं. म्हणूनच १९२५ मध्ये रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंगचं लहान मेंदूचं, पण माणसासारखं ताठ चालणारं पोर जगापुढे ठेवलं तेव्हा त्यांची टर उडवली गेली. १९५३ मध्ये सिद्ध झालं की पिल्टडाउनचा जबडा ओरांगउटानचा होता, आणि दात कानशीने घासलेले होते. १९७४ मध्ये इथिओपियात ‘ल्यूसी’ सापडली. सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची, मेंदू चिंपांझीपेक्षा फारसा मोठा नाही, पण दोन पायांवर चालणारी. आपण आधी चालायला लागलो. मेंदू फार मागाहून वाढला. आणि तोही सरळ रेषेत नाही: निअँडरथल माणसाचा मेंदू आपल्याइतकाच किंवा थोडा मोठाच होता, तर इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा, २००३ मध्ये सापडलेला बुटका मानव चिंपांझीएवढ्या मेंदूने दगडाची हत्यारं वापरत होता.

मग मेंदूच्या आकाराला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो ग्रॅममध्ये कळत नाही. माणसाचा मेंदू सुमारे १३५० ग्रॅमचा, हत्तीचा साडेचार-पाच किलोचा, स्पर्म व्हेलचा जवळपास ८ किलोचा. देहाच्या प्रमाणात पाहावं तर उंदीर आपल्या बरोबरीला येतो, आणि चिचुंद्रीच्या कुळातल्या काही इवल्या प्रजाती आपल्याला मागे टाकतात. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांनी एक वेगळी वाट काढली. मेंदूचा पेशीकेंद्रकांचा द्रव करून त्यातल्या चेतापेशी मोजायच्या. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी निघाल्या. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत २५७ अब्ज. पण हत्तीच्या त्या पेशींपैकी ९७ टक्क्यांहून जास्त अनुमस्तिष्कात, हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या भागात आहेत. सोंडेसारखा अवयव चालवायला बहुधा त्या लागत असाव्यात. प्रमस्तिष्काच्या बाह्यकात, म्हणजे मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरात, हत्तीच्या साडेपाच अब्जांच्या आसपास, आपल्या १६ अब्ज.

पक्ष्यांकडे वळलं की हिशेब आणखी फिरतो. विसाव्या शतकात बराच काळ असं शिकवलं गेलं की पक्ष्यांच्या मेंदूचा पुढचा भाग म्हणजे नुसत्या उपजत प्रवृत्तींचं गाठोडं. ते इतकं खोलवर रुजलं होतं की त्या भागांची नावंही त्याच समजुतीवर बेतलेली होती. शास्त्रज्ञांना २००५ च्या सुमारास ती नावं बदलावी लागली. २०१६ मध्ये मोजणी झाली तेव्हा दिसलं की मकाव पोपटाच्या पुढच्या मेंदूत १.९ अब्ज चेतापेशी आहेत, ऱ्हीसस माकडाच्या बाह्यकापेक्षा जास्त. आणि हा मेंदू अवघा वीसेक ग्रॅमचा. पेशी बारीक, दाटीवाटीने बसलेल्या. उडणाऱ्या देहाला वजन परवडत नाही.

या पक्ष्यांचं वागणंही तसंच. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये स्क्रब जे या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांना अळ्या आणि शेंगदाणे पुरून ठेवू दिले. पक्ष्यांना अळ्या जास्त आवडतात, पण त्या सडतात. चार तासांनी परत सोडलं की ते अळ्या पुरलेल्या जागी जात. पाच दिवसांनी सोडलं की शेंगदाण्यांकडे. काय पुरलं, कुठे पुरलं, किती दिवस झाले, हे तिन्ही त्यांच्या लक्षात होतं. २००२ मध्ये ऑक्सफर्डच्या बेटी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतून खाऊची लहान बादली उचलली. मी हे वाचलं तेव्हा फार हरखून गेलो होतो. पुढे २०१६ मध्ये कळलं की या जातीचे रानातले कावळेही आपल्या काटक्या वाकवतात; म्हणजे बेटीने सगळं शून्यातून शोधलं असं म्हणता येत नाही. ही दुरुस्ती मला तितकीच मोलाची वाटते. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा बेरजा करतो असं १९०४ मध्ये तज्ज्ञांनाही वाटलं होतं. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवलं की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेची बारीकशी हालचाल पाहून खूर आपटणं थांबवतो. गणित येत नव्हतं, पण माणसाला स्वतःच्या लक्षात न येणारी हालचाल त्याला दिसत होती. ती बुद्धीच, फक्त आपण शोधत होतो ती नव्हे. प्रत्येक प्राण्याचा मेंदू त्याच्या जगण्यासाठी घडलेला आहे. आपल्या परीक्षेत नापास होणं हे त्याचं काम नाही.

डार्विनने आयुष्याच्या शेवटी, १८८१ मध्ये, गांडुळांवर पुस्तक लिहिलं. बिळाचं तोंड बुजवताना पान कुठल्या टोकाने आत ओढायचं हे गांडुळाला कळतं का, हे त्याने कागदाचे तीनशेहून जास्त त्रिकोण कापून तपासलं. बहुतेक त्रिकोण निमुळत्या टोकाकडून ओढलेले निघाले. माणूस आणि प्राणी यांच्या मनांतला फरक कमीजास्तपणाचा आहे, जातीचा नाही, असं तो दहा वर्षं आधी म्हणाला होता. त्या विधानाची कसोटी त्याने गोरिलावर थांबवली नाही. ती गांडुळापर्यंत नेली. म्हाताऱ्या डार्विनचा हा धीर मला त्याच्या मोठ्या सिद्धांताइतकाच आवडतो.

आता आपल्या घरात येऊ. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी औरंगाबादला जाहीर सांगितलं की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कुणी पाहिलं नाही, म्हणून डार्विन चूक आहे आणि तो शाळेत शिकवू नये. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून याला उत्तर दिलं. पाच वर्षांनी एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणात फक्त आनुवंशिकता उरली. हे पुस्तक शिकणारा जो विद्यार्थी दहावीनंतर विज्ञान सोडेल, त्याला उत्क्रांती वर्गात भेटणारच नाही.

याच्या उलट एक प्रकार आहे, आणि तो आपल्याकडे व्यासपीठांवर टाळ्या मिळवतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन: दशावतारांत डार्विन आधीच आहे, असं सांगितलं जातं. मला हे मंत्र्यांच्या विधानाइतकंच चुकीचं वाटतं. दशावतारांत एक चढती रांग आहे आणि तिच्या टोकाला माणूस व देव आहेत. उत्क्रांतीत रांग नाही, फांद्या आहेत. कासवापासून डुक्कर झालं नाही. चिंपांझी माणूस होण्याच्या वाटेवर थांबलेला नाही. त्याची आणि आपली वाट ६०-७० लाख वर्षांपूर्वी एका समान पूर्वजापाशी फुटली, आणि तोही तितकाच काळ आपल्या वाटेने बदलत आला आहे. शिवाय, पुराणाला जीवशास्त्राचं प्रमाणपत्र मिळवून देणारा भाविक ओवेन यांचीच चूक करतो. उद्या जीवशास्त्रातला एखादा तपशील बदलला तर तो वराह अवताराला काय सांगणार?

श्रद्धा आणि उत्क्रांती एकत्र राहूच शकत नाहीत, असं इतिहास सांगत नाही. थिओडोसियस डोब्झान्स्की हे आधुनिक उत्क्रांतिशास्त्राच्या शिल्पकारांपैकी एक, आणि श्रद्धेने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. रोमच्या चर्चने १९५० मध्ये देहाच्या उत्क्रांतीची चर्चा करायला मोकळीक दिली आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा सिद्धांत निव्वळ गृहीतकाच्या पलीकडे गेल्याचं मान्य केलं. आत्म्याची गोष्ट मात्र वेगळी ठेवली. तो दावा पटो न पटो, तो मेंदूच्या कुठल्या उंचवट्यावर अवलंबून नाही एवढं खरं.

आणि पैठणच्या एकनाथांची कथा आपल्याला आईच्या तोंडून ठाऊक आहे. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. गाढवाच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस मायनर आहे की नाही, याने त्या कृतीचं मोल कमीजास्त होत नाही. ही कथा उत्क्रांतीचा पुरावा नाही आणि तसा तिचा वापरही कुणी करू नये. प्राण्यापासून स्वतःला तोडून घेतल्याशिवाय माणसाची थोरवी टिकत नाही, ही भीती मात्र या श्रद्धेत नाही. तहान त्यालाही लागते, एवढं नात्याला पुरतं. ही परंपरा सांगणारे आपण आपल्या बैलांना, हत्तींना, प्रयोगशाळांतल्या जनावरांना कसं वागवतो, हा प्रश्न यातूनच निघतो आणि तो टाळण्यासारखा नाही.

महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. तो तिथेच राहिला पाहिजे, आणि इथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की तो परीक्षेच्या दोन प्रश्नांपुरता उरकू नका. आजची माकडं माणसं का होत नाहीत, असं मूल विचारेल. त्याला फळ्यावर शिडी काढून दाखवू नका, फांद्या काढून दाखवा, आणि ज्या फांदीवर आपण आहोत तिच्या शेजारी चिंपांझीची फांदी तितकीच लांब काढा. मग देवाचं काय, असंही एखादं मूल विचारेल. त्याला गप्प बसवू नका. तुम्ही श्रद्धावान असाल तर तसं सांगा, नसाल तर तसं सांगा, आणि त्या दोन्ही घरांत वाढलेल्या माणसांनी हे विज्ञान मिळून उभं केलं आहे हेही सांगा. ॲमस्टरडॅमचा तो ओरांगउटान उघडणाऱ्या दोघांची गोष्ट त्या वर्गात सांगता येईल. ती दहावीच्या मुलाला सहज कळते.